मेळघाटातील बाळांचे वजन आणि समाजाचे आहारदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



अमरावतीहून मुक्तागिरीच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू परतवाड्याला पोचतो. तेथून एक रस्ता सिद्धक्षेत्राकडे जातो आणि दुसरा घाट चढून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जातो. पहिल्या रस्त्याने समाजातील बहुतेक कुटुंबे कधी ना कधी गेलेली आहेत. दुसऱ्या रस्त्याने वर्षातून एकदा, बहुधा पर्युषणाच्या किंवा दिवाळीच्या सुमारास, शहरातील निरनिराळ्या संस्थांच्या मदतीच्या गाड्या जातात. त्यांत जुने-नवे कपडे असतात, ब्लँकेट असतात, बिस्किटांचे पुडे असतात आणि तान्ह्या बाळांसाठी दुधाच्या भुकटीचे डबेही असतात. देणाऱ्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सुवर्णमहोत्सवी निधीतून पुढील वर्षांच्या योजना आखल्या जात असताना, ज्या बाळाचे वजन वाढत नाही त्या बाळाला नेमके काय लागते, हे एकदा नीट पाहून घेणे अगत्याचे आहे. कारण त्या गाडीतील खाण्याचा निम्मा माल अशा बाळाच्या उपयोगाचा नसतो, आणि एक वस्तू तर त्याला अपाय करणारी असते.

तत्त्वार्थसूत्रात दानाचे वैशिष्ट्य विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवरून ठरते असे सांगितले आहे. दाता आणि पात्र यांविषयी प्रवचनांतून पुष्कळ ऐकायला मिळते. द्रव्य कोणते द्यावे आणि ते कोणत्या रीतीने द्यावे, या दोन गोष्टी मात्र व्यवस्थापकांवर सोपविल्या जातात आणि व्यवस्थापक बाजारात ठोक भावाने जे मिळते ते उचलतात. व्यापारी समाजात असे घडावे याचे थोडे नवल वाटते. दुकानात माल भरताना गिऱ्हाइकाची गरज विचारल्याशिवाय कापडाचा एक तागाही उचलला जात नाही.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे दोन तालुके. सातपुड्याच्या गाविलगड रांगांतील या प्रदेशात बहुसंख्य वस्ती कोरकू समाजाची आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजेच अंगणवाडीची योजना, देशात अवघ्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातून मुंबईतील धारावी आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी यांची निवड झाली होती. याचा अर्थ, या ट्रस्टप्रमाणेच धारणीच्या अंगणवाडीनेही पन्नास वर्षे पूर्ण केली आहेत. मधल्या काळात १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९५ साली नवसंजीवन योजना आली, २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आले. काही सुधारले, काही तसेच राहिले. पावसाळा सुरू झाला की धारणी-चिखलदऱ्याची नावे वर्तमानपत्रांत येण्याचे अद्याप पूर्णपणे थांबलेले नाही.

या प्रदेशात ठाण मांडून बसलेल्या वैद्यकीय मंडळींचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने बैरागडसारख्या दुर्गम गावी तीन दशकांहून अधिक काळ संसार थाटून रुग्णसेवा केली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाळे न्यूमोनियाने आणि कुपोषणाने दगावतात, पण न्यूमोनियामागे अंगावर कपडा नसणे आहे आणि कुपोषणामागे घरात धान्य नसणे आहे, हे ओळखून डॉ. कोल्हे औषधाच्या पेटीबरोबर शेतीकडेही वळले. डॉ. आशिष सातव यांनी धारणीजवळ महान ट्रस्टचे काम उभे केले. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी बाळांची देखभाल करणे आणि अतितीव्र कुपोषित मुलांना स्थानिक पातळीवर तयार केलेला उपचारात्मक आहार देणे, ही त्यांची पद्धत. विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बाळांची जी काळजी घेतली, तिच्यामुळे नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, त्याचे मूळ या प्रयोगात आहे. या सर्व कामांत एक समान धागा आहे. बाळापर्यंत प्रथम माणूस पोचतो, वस्तू नंतर पोचते.

आता बाळाच्या वजनाकडे वळू या. तीन किलोचे निरोगी बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅमने वाढते, पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होते आणि वर्षाचे होईतो तिप्पट. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी असलेल्या बाळाला कमी वजनाचे बाळ म्हणतात. अंगणवाडीत वा दवाखान्यात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण पत्रिकेवर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे असतात आणि दरमहा वजनाचा ठिपका त्यांवर पडतो. पुष्कळ पालक फक्त रंग पाहतात. हिरवा दिसला की समाधान होते. वास्तविक पाहावयाचे असते ते ठिपके जोडणाऱ्या रेषेकडे. बाळ लहानखुरे आहे पण रेषा पट्ट्याला धरून वर चढते आहे, तर सहसा काळजीचे कारण नसते. बाळ हिरव्या पट्ट्यात आहे पण दोन महिने रेषा आडवी पडली आहे, तर कोठेतरी काही बिघडले आहे. जमाखर्चाच्या वहीत एका दिवसाची शिल्लक पाहून पेढीची प्रकृती कळत नाही, महिन्यामहिन्याची चाल पाहावी लागते, हे या सभेला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

वाढ खुंटलेल्या बाळांत सर्वांत नाजूक गट सहा महिन्यांखालील बाळांचा. दंडघेर मोजण्याची जी पट्टी अंगणवाडीत असते, तिच्यावरील साडेअकरा सेंटिमीटरची लाल खूण सहा महिन्यांवरील मुलांसाठी आहे. त्याहून लहान बाळे अनेक वर्षे या मोजमापातून निसटत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली नवीन मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत सहा आठवड्यांवरील व सहा महिन्यांखालील बाळांसाठी अकरा सेंटिमीटरची मर्यादा दिली आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, अशा बाळाला एकटे तपासू नये, आई आणि बाळ ही जोडी तपासावी, असे ती सांगते. बाळ छातीला नीट लागते का, आईला ताप, गळू किंवा रक्तक्षय आहे का, ती खचलेली आहे का, घरात तिला कोणाचा आधार आहे का, हे सारे त्या तपासणीत येते. सहा महिन्यांखालील बाळाचा आहार म्हणजे आईचे दूध, आणि म्हणून त्या बाळाला द्यावयाची मदत ही बहुतांशी आईला द्यावयाची मदत असते.

येथे दुधाच्या डब्याचा हिशेब मांडणे प्राप्त आहे. पाच किलोच्या बाळाला डब्याच्याच दुधावर वाढवायचे म्हटले तर दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध लागते. त्यासाठी शंभर ग्रॅमच्या आसपास भुकटी खर्ची पडते. म्हणजे चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. मदतीच्या गाडीतून एका घराला एक डबा मिळतो आणि गाडी पुन्हा वर्षाने येते. मग आई तो डबा पुरवून पुरवून वापरते. चार दिवसांचा माल पंधरा दिवस चालवायचा तर त्यात पाणी वाढते. पाणी नाल्याचे वा झिऱ्याचे असते, उकळण्यास सरपण लागते, बाटली धुण्याची सोय नसते. बाळाला हगवण लागते. या पंधरा दिवसांत बाळ छातीला कमी लागते आणि जेवढे ओढले जाते तेवढेच तयार होते या निसर्गनियमाने आईचे दूध आटते. पंधराव्या दिवशी डबा रिकामा आणि आईही रिकामी. ज्याने डबा दिला त्याला यातले काहीच दिसत नाही, कारण त्याच्याजवळ डबा देतानाचे छायाचित्र असते.

या कारणासाठीच संसदेने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. त्यानुसार बाळासाठीचे दुधाचे डबे आणि दूध पाजण्याच्या बाटल्या अनाथालयांव्यतिरिक्त इतरांना दान करण्यास वा वाटण्यास मनाई आहे. अनेक धर्मादाय संस्थांना याची कल्पनाच नसते. ज्या बाळाला खरोखर आई नाही किंवा आईला दूध येणे शक्यच नाही, त्याची व्यवस्था डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वर्षभर खंड न पडता झाली पाहिजे. दूध कमी झालेल्या आईचे दूध पुन्हा आणताही येते. स्तनाग्राजवळ बारीक नळी लावून वाटीतले दूध बाळाला ओढू द्यायचे, म्हणजे पोटही भरते आणि ओढण्याने आईचा पान्हाही वाढतो, ही रीत रुग्णालयांत शिकविली जाते. तिला पैसे फारसे लागत नाहीत. आईजवळ दिवसातून आठ वेळा न कंटाळता बसणारी एक अनुभवी स्त्री लागते.

कमी वजनाच्या बाळाबाबत आणखी एक गोष्ट. असे बाळ लवकर गार पडते आणि पोटात गेलेले दूध अंग ऊबदार ठेवण्यातच खर्ची पडते. वजनाला काही उरत नाही. यावर उपाय म्हणजे बाळाला उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे, मऊ सुती कापडाने बांधून ठेवणे. याला कांगारू मातृसेवा म्हणतात. आई, आजी, प्रसंगी वडीलही हे करू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ही सेवा जन्मानंतर ताबडतोब सुरू करावी आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास द्यावी अशी शिफारस केली. जे बाळ ओढू शकत नाही त्याला आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. मेळघाटाला कापडच पाठवायचे असेल तर साड्यांच्या गठ्ठ्यांऐवजी असे धुवट, मऊ, सैल विणीचे कापड पाठविणे अधिक उपयोगी ठरेल. कापड बाजारातील मंडळींना यात कोणी मार्गदर्शन करण्याची गरज नाही.

सहा महिन्यांनंतर प्रश्न बदलतो. आता आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न हवे, आणि येथे झोपडीतील आणि बंगल्यातील चूक एकच असते. दोन्हीकडे बाळाला पातळ पाजतात. झोपडीत कोरा चहा आणि त्यात भिजविलेले बिस्किट, बंगल्यात वरणाचे पाणी आणि भाताची निवळ. आईच्या शंभर मिलिलिटर दुधात ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. वरणाच्या वरच्या पाण्यात त्याच्या निम्म्याही नसतात. बाळाचे पोट लहान. दर किलो वजनामागे एका वेळी ३० मिलिलिटरच्या आसपास मावते. सात किलोच्या बाळाच्या पोटात जेमतेम एक वाटी. ती वाटी पाण्याने भरली तर बाळ पोटभर जेवून उपाशी राहते. बिस्किटाने पोट भरल्याचा भास होतो, भूक मरते, आणि मिळतात मैदा व साखर. म्हणून गाडीतील बिस्किटांचे पुडे बाळांच्या हाती न दिलेले बरे.

वाटी लहान असेल तर तीतील अन्न घट्ट आणि स्निग्ध असले पाहिजे. चमचा तिरपा केला असता ओघळणार नाही इतके घट्ट. वरणातील पाणी नको, वरणातील डाळ हवी. मऊ भात-मुगाच्या खिचडीत चमचाभर तूप किंवा तेल घातले की ४० किलोकॅलरींची भर पडते आणि घासही वाढत नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे साडेपाचशेच्या वर किलोकॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. ते भाजून अगदी बारीक कुटून लापशीत मिसळावेत. अखखा दाणा बाळाला कधीही देऊ नये, आणि ओलसर, बुरशी धरलेले दाणे तर स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. जुन्या स्त्रिया गव्हाला किंवा नाचणीला मोड आणून, वाळवून त्याचे सत्त्व करून ठेवीत. त्यामागे शास्त्र आहे. मोड आलेल्या धान्यातील पाचक द्रव्यामुळे घट्ट लापशी चमचाभर सत्त्वाने सैल होते, म्हणजे पाणी न घालता ती बाळाला गिळता येते. आजीच्या पिढीतील ही विद्या डब्याच्या जाहिरातींनी मागे टाकली, ही खेदाची गोष्ट होय. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा आणि त्यापुढे तीन-चार वेळा असे भरवावे, आजारपणानंतर एक वेळ अधिक, आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

येथे अंड्याचा प्रश्न येतो, तो टाळण्यात अर्थ नाही. राज्य शासनाच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील मुलांना अंडी आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी देण्याची तरतूद झाली. कोरकू समाज परंपरेने मांसाहारी आहे. ट्रस्टने आपल्या निधीतून अंडी द्यावीत असे कोणी म्हणणार नाही. तशीच, जे मूल अंडे खाते त्याच्या ताटातील अंडे काढावे असा आग्रहही ट्रस्टने अंगणवाडीकडे धरू नये. दूध, तूप, शेंगदाणा, तीळ, गूळ, डाळी यांतून देण्याजोगे पुष्कळ आहे. दात्याचा नियम दात्याच्या द्रव्याला लागू होतो, घेणाऱ्याच्या चुलीला नव्हे.

बाळ अतितीव्र कुपोषित झाले म्हणजे मात्र घरगुती उपाय पुरत नाहीत. कित्येकांना वाटते की असे मूल दिसताच त्याला भरपूर खाऊ घालावे. हा समज जीवघेणा ठरू शकतो. दीर्घ उपासमारीने त्याचे हृदय, यकृत, मूत्रपिंडे सारी मंद झालेली असतात, आणि एकदम आलेला भार ती पेलू शकत नाहीत. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात प्रथम शंभर मिलिलिटरला ७५ किलोकॅलरी असलेले सौम्य दूध दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे देतात; अंग गरम ठेवतात; रक्तातील साखर सांभाळतात; जंतुसंसर्गावर औषध देतात. लोहाचे औषधही आरंभी देत नाहीत. भूक परत आली की मग शंभर किलोकॅलरीचे दूध आणि घट्ट आहार. या साऱ्याला साधारण दोन आठवडे लागतात.

आणि नेमके हे दोन आठवडे आईला परवडत नाहीत. घरी दुसरी दोन मुले असतात, बकऱ्या असतात, पेरणी किंवा निंदण असते. बुडीत मजुरीपोटी शासन काही रक्कम देते, पण मागे राहिलेल्या मुलांना कोण सांभाळणार? म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी बाळाने जरा डोळे उघडले की आई त्याला घेऊन निघून जाते. लोक यालाच अज्ञान म्हणतात. तिच्या जागी बसून पाहिले तर तो एक हिशेब आहे, आणि तिच्या परिस्थितीत दुसरा कोणताही हिशेब बसत नाही. बाळाचे पोट फुगले असता भुमकाकडून पोटावर तापल्या सळईचे चटके, ज्याला तेथे डंबा म्हणतात, ते देण्याची प्रथाही अजून समूळ गेलेली नाही. ती निंद्य आहेच. परंतु भुमका रात्री-बेरात्री गावातच असतो आणि दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर, हेही विसरता येत नाही. ज्यांनी भुमकांना हिणविण्याऐवजी विश्वासात घेतले, त्यांच्याकडे भुमकेच बाळे पाठवू लागले.

दिवाळी झाली की मेळघाटातील कुटुंबेच्या कुटुंबे कामासाठी खाली उतरतात. अकोट, तेल्हारा, अचलपूर, अंजनगाव येथील शेते, संत्र्यांच्या बागा, वीटभट्ट्या, अमरावती-अकोल्यातील बांधकामे येथे ती होळीपर्यंत असतात. व्याघ्र प्रकल्पातून उठून अकोट-तेल्हाऱ्यात पुनर्वसित झालेली गावे तर कायमचीच येथे आहेत. बाळाच्या वजनाची रेषा बहुधा याच महिन्यांत आडवी पडते. गावची अंगणवाडी मागे राहते, कामाच्या जागेजवळच्या अंगणवाडीत नाव नसते, आई कामावर असताना बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत तीन वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते. २०२१ पासून अंगणवाडीच्या नोंदी मोबाइलवर होऊ लागल्या आणि स्थलांतरित मुलाची नोंद नव्या ठिकाणी घेता येते, पण त्यासाठी कोणीतरी त्या आईला जवळच्या अंगणवाडीपर्यंत नेऊन सोडावे लागते. ज्या शेतावर, ज्या भट्टीवर, ज्या बांधकामावर हे बाळ झोळीत असते, त्यांतील कित्येकांचे मालक या सभागृहात बसणाऱ्या समाजातीलच आहेत. मेळघाट तेव्हा दीडशे किलोमीटर दूर नसतो. मालकाने दिवसातून तीनदा अर्धा तास आईला बाळाजवळ बसू दिले, सावली आणि पिण्याचे उकळलेले पाणी दिले, तर ते कोणत्याही गाडीभर मदतीपेक्षा अधिक आहे. शहरातील दुकानांबाबतही हेच. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या दुकानात २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा २०१७ पासून कायद्याने आहे आणि कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सवड देणेही बंधनकारक आहे. काउंटरवर उभी असलेली मुलगी हे मागत नाही, कारण नोकरी जाण्याची तिला भीती असते.

शेवटी समाजातील घरांविषयी. वजन न वाढणारे बाळ केवळ गरिबाच्याच घरी असते असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील मातांचा दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, पनीर यांतूनच मिळते, आणि जी सून दूध घेत नाही, सतत उपवास करते, तिच्या अंगात ते अत्यल्प असते. तिच्या दुधातून ते बाळाला मिळत नाही. असे बाळ कधीकधी दिसायला गुबगुबीत असते, पण सहा महिन्यांनंतर हसणे कमी होते, धरलेली मान सोडते, चेहरा फिकट पडतो, बोटांच्या सांध्यांवर काळपटपणा येतो, केस विरळ व भुरकट होतात, हातपाय थरथरतात. घरचे म्हणतात, शांत बाळ आहे. वेळेवर बालरोगतज्ज्ञांनी बी-१२ दिले तर पुष्कळ सुधारणा होते. उशीर झाला तर बुद्धीवर परिणाम राहू शकतो. गर्भारपणातच रक्त तपासून गोळी वा इंजेक्शन घेतल्यास हे सर्व टळते, आणि त्यासाठी आपल्या आहारनियमांतील एकही नियम मोडावा लागत नाही.

स्तनदा मातेला रोज नेहमीपेक्षा सुमारे सहाशे किलोकॅलरी अधिक लागतात. तिने अठ्ठाई करावी की नाही, हे गुरुजनांना विचारून आणि बाळाच्या वजनाची पत्रिका समोर ठेवून ठरवावे. चौविहार करणाऱ्या मातेला रात्री बाळ पाजताना तहान लागते. त्या काळापुरता तिविहार पत्करल्यास तिला पाणी घेता येते, हे सासूबाईंनीच पुढे होऊन सांगावे. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात सहा महिन्यांखालील बाळाला पाणी, ग्लुकोज, घुटी पाजण्याची प्रथाही थांबली पाहिजे. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते. बाळाला जास्त वेळा छातीला लावावे आणि पाण्याचा तांब्या आईजवळ ठेवावा.

सुवर्णमहोत्सवी निधीतून विश्वस्तांनी काय करावे, हा त्यांच्या अधिकारातील विषय आहे. तथापि अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय, ज्याला जुनी मंडळी डफरीन म्हणतात, आणि धारणीचे उपजिल्हा रुग्णालय येथे बाळाबरोबर आलेल्या आईच्या सोबत्याला आणि तिच्या मागे आलेल्या दोन मुलांना चौदा दिवस राहण्या-जेवण्याची सोय हवी असते. डाळ, तूप, शेंगदाणे यांचा पुरवठा वर्षातून एकदा न करता दरमहा, तोही आशा किंवा अंगणवाडी सेविकेच्या हाती, तिच्या यादीप्रमाणे व्हावा. समाजातील ज्या भगिनी मोकळ्या आहेत त्यांनी आठवड्यातून दोन दिवस प्रसूती विभागात नव्या मातांजवळ बसण्याचे, बाळ छातीला कसे लावावे हे रुग्णालयाच्या परिचारिकांकडून शिकून घेऊन इतरांना दाखविण्याचे काम घ्यावे. या शेवटच्या कामाची फलकावर नोंद करता येत नाही, त्यामुळे त्याला दाता मिळणे कठीण जाते.

मजुरांच्या टोळ्या दिवाळीनंतर खाली येतील. तोपर्यंत अकोट आणि परतवाडा येथे समाजातील कोणाकोणाच्या शेतावर, भट्टीवर, बांधकामावर तान्ही बाळे येतात याची यादी तरी तयार व्हावी आणि प्रत्येक ठिकाणची जवळची अंगणवाडी कोणती, हे तीपुढे लिहिलेले असावे. सभा संपल्यावर नावे देण्यासाठी बाहेर वही ठेवलेली आहे.

जय जिनेंद्र.